वाफा कुणाचा, पाणी कुणाचं?

(टाकवे बुद्रुक, ता. मावळ इथे बचत गटांच्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण.)



परसबाग लावा असं सांगायला कुणी आलं की बाया जरा संशयानं बघतात. त्यांचं चुकत नाही. पहाटेपासून हाताला उसंत नाही, त्यात हे आणखी एक काम. म्हणून सुरुवातीलाच सांगते, परसबाग हे बाईच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं होणार असेल तर ती नको. तिच्या ताटासाठी, तिच्या निर्णयानं आणि घरातल्या सगळ्यांच्या हातांनी होणार असेल, तरच करू या.

आधी ताटाचं बघू. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलं की माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. आपल्यातल्या कितीजणींना त्या मिळतात? पावसाळ्यात अंदर मावळात टाकळा, कुरडू, भारंगी रानातून येते. माघ सरला की रान सुकतं आणि भाजी विकतची होते. विकतची भाजी मोजकीच. ती आधी पुरुषांच्या ताटात, मग पोरांच्या, आणि बाईच्या वाट्याला कढईला चिकटलेलं. रक्त कमी होण्याचं एक कारण तिथं आहे.

म्हणून वसंतातली परसबाग महत्त्वाची. इंद्रायणी भात निघालं की आपल्याकडची बरीच खाचरं पुढच्या पावसापर्यंत पडून असतात. संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की भेंडी, गवार, चवळी टोकायची. दोडका, दुधी, काकडी, कारल्याला आळी करायची. कारल्याचं बी कठीण, ते रात्रभर भिजवायचं. माठ आणि राजगिरा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ पेरा. महिन्याभरात पालेभाजी हाताशी येते, भेंडी दीड महिन्यानं सुरू होते. घराशेजारी दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा असली तरी पुरते. तीही नसेल तर जुनी पाटी, फुटकी बादली, सिमेंटची गोणी चालते.

पाणी डोक्यावरून आणायचं असेल तर वाढवू नका, आहे तेच पुन्हा वापरा. भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी वाफ्याला, अंघोळीचं केळीला आणि शेवग्याला. कपड्याच्या साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका. राब भाजायला पालापाचोळा गोळा कराल, त्यातला एक भारा बाजूला ठेवून वाफ्यावर पसरा. ओल टिकते, खेपा वाचतात. भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं.

आता बियाण्याचं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, दरवर्षी दुकानात जावं लागतं. गावरान बी घरी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच बी जमवलं, बायांना वाटलं, बियाण्याची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संक्रांत ते रथसप्तमी आपण हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटतो. त्याऐवजी बियाण्याची पुडी वाण म्हणून द्या. आणि ती विधवा, परित्यक्ता मैत्रिणींनाही तितक्याच मानानं द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपण निदान बियाण्यात भेद करू नये.

पण परसबागेलाही जागा लागते. पुण्या-मुंबईच्या लोकांनी मावळात जमिनी घेतल्या. जमीन विकली जाते तेव्हा बांधावरची भाजी, गवत, सरपण सगळं जातं. सही मात्र बाईची फक्त हक्कसोडपत्रावर मागतात. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, हे महाराष्ट्रानं १९९४ साली आणि हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं २००५ साली देशभर मान्य केलं. त्या दिवशी बाप जिवंत होता की नव्हता यावर तो हक्क अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. कागद वाचल्याशिवाय अंगठा नको, सही नको. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करा असं सांगितलं, तेव्हा जळगाव जिल्ह्यातलं विटनेर पुढं आलं. बायांनी आपल्या विचारानं कसायच्या तुकड्याला तिथं ‘सीताशेती’ असं नाव होतं.

ज्यांच्याकडे तुकडाही नाही, त्यांच्यासाठी सामाईक बाग हवी. भूमिहीन, ठाकर, कातकरी मैत्रिणींना पहिली जागा. अंगणवाडीजवळ, शाळेमागे, पाण्याच्या टाकीपाशी दोन-तीन गुंठे मागा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे, तिथं ठराव करा आणि तो ग्रामसभेत मांडून लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘करा की’ म्हणणारे पीक आल्यावर विसरतात. पाण्याची सोय पक्की झाल्याशिवाय कुदळ मारू नका. वहीत प्रत्येकीचं स्वतःचं नाव लिहा, ‘अमक्याची बायको’ असं नको. कुंपण आणि खोदाई पुरुषांनी करायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. पाणी घालायच्या पाळ्या लावा, आजारी आणि बाळंतिणीला पाळीतून सूट, वाट्यातून नाही. भाजी आधी सगळ्यांच्या घरी, उरेल ती बाजारात, आणि पैसे गटाच्या खात्यावर.

शेजारणीशी चार शब्द बोलायला, सासरचा जाच सांगायला बाईला गावात हक्काची जागा नसते. पुरुषांना पार आहे. वाफ्यात खुरपताना जे बोललं जातं, ते मीटिंगमध्ये बोललं जात नाही. या बागेचं हे पीकही लहान समजू नका.

तेव्हा तीन कामं ठरवून उठू या. प्रत्येकीनं घरातलं एक गावरान बी पुढच्या बैठकीला आणायचं. दोघींनी ग्रामपंचायतीत जाऊन कुठली जागा मोकळी आहे ते बघायचं. आणि आज रात्री भाजी वाढताना आपलं ताट सगळ्यांच्या बरोबर मांडायचं. या तिसऱ्या कामाला कुणाची परवानगी लागत नाही.