इतिहास-परिषद कोणासाठीं?

'इतिहास-परिषद' हा शब्द कानीं पडला म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. व्यासपीठावर दहापांच पंडित, त्यांच्या हातांत टिपणांचीं बाडें. एकानें निबंध वाचावा, दुसऱ्यानें तो खोडून काढावा, आणि आम्हां सामान्यांनीं मागल्या रांगेंत बसून चहाची वाट पाहावी! हें चित्र अगदींच काल्पनिक आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु महाराष्ट्रांत इतिहास-संशोधनाची जी परंपरा निर्माण झाली तिचा पाया याहून फार निराळा आहे, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. इसवी सन १७५० ते १७६१ या काळचीं, म्हणजे पानिपतापर्यंतचीं पत्रें त्यांत आलीं, आणि तीं सांपडलीं वाईस. तिकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेंत संस्कृत शिकवीत, आणि फावला वेळ पटवर्धनी दप्तरें वाचण्यांत घालवीत. त्यांतूनच 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध झाला. या मंडळींपाशीं ना सरकारी द्रव्य होतें, ना मोठा अधिकार. त्यांचें भांडवल एकच. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरामागें, कोणाच्या जुन्या पेटींत कागद आहेत याचा शोध घेत गांवोगांव हिंडण्याची त्यांची तयारी होती.

पुढें ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. मंडळाच्या सभा-संमेलनांतून नवे सांपडलेले कागद लोकांपुढें येऊं लागले. या प्रथेचें महत्त्व किती, हें एका उदाहरणावरून ध्यानीं येईल.

शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस झाला, असें बखरींच्या आधारानें मानण्याचा प्रघात होता. भोरकडील कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घराण्यांत एक शकावली जपून ठेवलेली होती. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडींच्या नोंदी तींत आहेत. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि १९१६ सालीं मंडळाच्या संमेलनवृत्तांत छापली गेली. तींत जन्मतिथि निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सर्वांनीं एकदम मान डोलावली असें मात्र झालें नाहीं. वाद झाला, आणि तो वर्षानुवर्षें चालला. दरम्यान तंजावरकडे सांपडलेलें कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. तेंही याच तिथीस अनुकूल निघालें. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीस शिवजयंती पाळतें, त्याच्या मागें ही सारी परंपरा आहे.

या कथेंत दोन पक्ष आहेत. एका देशमुख घराण्यानें कागद पिढ्यानुपिढ्या जपला. विद्वानांनीं तो वाचला, ताडून पाहिला, दुसऱ्या साधनांशीं जुळविला. घराण्यानें तो जपला नसता तर विद्वानांना वाचावयास कांहीं उरलें नसतें. आणि विद्वानांनीं तो पारखला नसता तर ती एका घरची जुनी वही म्हणूनच राहिली असती. हे दोन पक्ष जेथें समोरासमोर बसतात, त्या जागेचें नांव परिषद.

पुढें १९३५ सालीं मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें पुण्यास अखिल भारतीय इतिहास-परिषद भरली. दत्तो वामन पोतदार यांनीं तीसाठीं पुष्कळ खटपट केली. तींतूनच पुढें 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' ही संस्था वाढली. अशी देशव्यापी परिषद अवश्य असावी. परंतु कारीचा कागद दिल्लीच्या परिषदेंत आपोआप चालत जात नाहीं. त्यास प्रथम तालुक्याच्या, जिल्ह्याच्या परिषदेचा उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणून प्रादेशिक परिषदेस दुय्यम समजूं नये.

अशी परिषद भरविणारांनीं चार गोष्टी अवश्य कराव्यात. निबंधवाचनाच्या दालनाबरोबरच कागद पाहण्याचें दालन उघडावें. तेथें मोडी वाचणारे बसवावेत, व येईल त्याच्या कागदांतला मजकूर त्यास सोप्या शब्दांत सांगावा. कागदाचें छायाचित्र घेऊन मूळ कागद मालकास तेथल्या तेथें परत द्यावा, कारण 'नेलेला कागद परत येत नाहीं' या भीतीनेंच कित्येक पेट्या बंद राहतात. आणि ज्याच्या घरचा कागद त्याचें नांव वृत्तांतांत सन्मानानें छापावें.

लोकांकडेही एक मागणें आहे. आपल्या घराण्याचा मोठेपणा सिद्ध व्हावा एवढ्याच हेतूनें कागद आणूं नये. कागदांतून कर्ज निघेल, भाऊबंदकी निघेल, पूर्वज रणांतून परतल्याचेंही निघेल! तें ऐकून घेण्याची तयारी हवी. इतिहास हा आरती ओवाळण्याचा विषय झाला म्हणजे पुरावा मागणारा मनुष्य शत्रु वाटूं लागतो, आणि त्या दिवशीं परिषदेची जत्रा होते.

श्रोतेहो, वाळवी कोणाच्या सवडीची वाट पाहात नाहीं. जुनें घर पाडतांना, वांटणी होतांना, दिवाळीची झाडलोट करतांना मोडी कागदांचीं बोचकीं रद्दींत जातात. कारण तीं वाचणारें घरांत कोणी उरलेलें नसतें. आपल्या माळ्यावर असें एखादें बोचकें असेल तर तें फेंकण्यापूर्वीं एखाद्या जाणत्यास दाखवावें, आणि जवळपास परिषद भरेल तेव्हां तें घेऊन जावें. तेथें आपली जागा मागल्या रांगेंत खचित नाहीं.