खर्र्याची गाठ गावानेच सोडवायची



स्वागत समितीच्या वतीने वैनगंगेकाठच्या गडचिरोली जिल्ह्यात भरलेल्या या परिषदेत मी आपलं मनापासून स्वागत करतो. धानाची कामं बाजूला ठेवून, दोन-दोन गाड्या बदलून आपण आलात, याची आम्हाला जाणीव आहे.

इथल्या माणसांना स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची सवय आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा-लेखा गावाची घोषणा याच मातीतली. बायाबापड्यांनी रेटा लावला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. आज गाठ आहे ती खर्र्याशी.

चौकातल्या ठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात आणि खर्र्याची पुडी हातात देतात. एका शाळेतली तपासणी मी जवळून पाहिली. डॉक्टर मुलांना म्हणाले, ‘तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.’ आठवीतल्या एका मुलाची दोनच गेली. भाजीचं तिखट झोंबतं म्हणून तो नुसता वरणभात खायचा. खर्र्यामुळे तोंड आखडत चाललं आहे, हा त्याचा अर्थ घरी कुणाला कळला नव्हता.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे, चघळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. पण हे ओझं सगळ्यांच्या खांद्यावर सारखं नाही. ज्याचं शिक्षण कमी, ज्याची मजुरी कमी, त्याच्या घरात तंबाखू जास्त. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई भूक मारायला चिमूटभर तोंडात टाकते. पुढे गालात गाठ आली, तर मोठ्या उपचारासाठी नागपूर गाठावं लागतं. त्यात रोज बुडतो, बैल विकला जातो. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो, पण आमचा माणूस पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. ही विषमता आम्हाला मान्य नाही.

कायदा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण ठेल्यापाशी रोज उभं राहायला पोलीस पुरणार नाहीत. गाव मात्र तिथे रोजच असतं. म्हणूनच शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान सुरू केलं, तेव्हा गावाच्या संघटनेला त्यात मोठं स्थान मिळालं. ग्रामसभेत ठराव होतो, बाया ठेलेवाल्याच्या दारी जाऊन समजावतात, आणि विकणाराही आपल्यातलाच असल्यामुळे त्याच्या पोटापाण्याचा विचार त्याच बैठकीत करावा लागतो.

पाहुण्या तज्ज्ञांना माझी हात जोडून एक विनंती आहे. भागीदारी म्हणजे आम्ही सतरंज्या अंथरायच्या आणि तुम्ही भाषण करायचं, असं होऊ नये. गावाला विचारून कार्यक्रम आखा. माडिया, गोंडी बोलणाऱ्या आजीला तिच्या भाषेत सांगा. तपासणीचं शिबिर हाट भरतो त्या दिवशी घ्या, म्हणजे कुणाचा रोज बुडणार नाही. आणि गाठ सापडलेल्या माणसाला चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. नागपूरला त्याच्यासोबत कोण जाणार, हेही इथेच ठरू द्या.

गावकऱ्यांनाही माझं सांगणं आहे. घरी आलेल्या पाहुण्यापुढे खर्रा ठेवणं हा आपल्याकडे मान समजतात. तो मान आजपासून पाण्याच्या तांब्याने करू या. या मंडपात तेवढंच ठेवलं आहे.

ज्या तरुण मंडळींनी हा मंडप उभारला, त्यांतल्या काहींनी तयारीच्या दिवसांतच पुडी सोडली. परिषदेतला पहिला ठराव त्यांनी आधीच अमलात आणला आहे.