कपाटाची किल्ली
(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें एका किल्लीविषयीं बोलणार आहों. ती किल्ली शाळेंतील पुस्तकांच्या कपाटाची. कपाट आहे, त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंही आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणीं कपाटाला कुलूप आणि पुस्तकांना कसर! ऐन पेरणींत बियाणें कणगींत कोंडणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय म्हणूं?

मूल वाचावयास कसें शिकतें तें पाहा. ‘नांगर’ हीं अक्षरें समोर आलीं, कीं शेतकऱ्याचें मूल तीं जुळवितें व शब्द ओळखतें. कारण तो शब्द त्याच्या कानांत आहे. चुकलें तर त्याचें त्यालाच कळतें. जो शब्द त्यानें कधीं ऐकलाच नाहीं, तो बरोबर वाचला कीं चूक, हें त्यास कळावें कसें? मग तें पाठ करतें, वाचीत नाहीं. पहिल्या दिवसापासून परभाषेच्या शाळेंत घातलेल्या पुष्कळ मुलांची हीच गत होते. इंग्रजी शिकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, जरूर शिकावी. पण सुताराचा मुलगा आधीं बापाच्या पटाशीवर हात बसवितो, मग यंत्र चालवितो. वाचनाचा हातही आधीं स्वभाषेवरच बसतो.

स्वभाषा म्हणजे घरची बोली. ‘व्हतं’ म्हणणाऱ्या मुलास हसलें, कीं त्याचें तोंड मिटतें. मेळघाटांतील कोरकू आणि गडचिरोलींतील गोंड मुलांस तर पुस्तकी मराठीही परकीच. शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें, असें २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. तो त्या मुलांसाठींही आहे.

परंतु नुसती अक्षरओळख पुरत नाहीं. पुस्तक नसेल तर ती गंजते. ‘असर’च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या शंभर मुलांपैकीं २०१८ सालीं सुमारें ५० मुलांस दुसरीचा धडा वाचतां आला. करोनानें शाळा बंद राहिल्यावर २०२२ सालीं हा आंकडा सुमारें ४३ वर आला आणि २०२४ सालीं ४९ च्या आसपास गेला. म्हणजे निम्मीं मुलें पांचवींत पोंचूनही दुसरीच्या धड्याशींच अडतात!

यावरचा उपाय नवा नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं १८६३ सालीं जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा १८७५ सालीं दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. ते सयाजीराव गायकवाड. त्यांनीं १९०६ सालीं सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण शाळा सुटल्यावर पुस्तक हातीं नसेल तर शिकलेलें विसरतें, हें जाणून १९१० सालीं त्यांनीं बोर्डन नांवाचे अमेरिकन ग्रंथपाल आणविले. गांवांनीं वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें आणि तितकीच सरकारनें घालावी, अशा रीतीनें गांवोगांव वाचनालयें निघालीं. पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या खेड्यांतून फिरूं लागल्या. पुस्तक पेटींत होतें, पण पेटी वाचकाच्या दारीं जात होती.

मग आपलें कपाट बंद कां? बहुधा मास्तरांस भीति वाटते, कीं पुस्तक फाटलें वा हरवलें तर जाब आपणांस द्यावा लागेल. ही भीति दूर करणें आपल्या हातीं आहे. त्याच कायद्यानें प्रत्येक शाळेंत वाचनालय व त्यांत गोष्टींचीं पुस्तकें असलीं पाहिजेत; आणि शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणून पुढच्या बैठकींत तीन गोष्टी मागा: पुस्तकांची यादी भिंतीवर लागावी, आठवड्यांतून एक दिवस प्रत्येक मुलास एक पुस्तक घरीं मिळावें, आणि वाचून फाटलेल्या पुस्तकाचा दोष कोणावरही न ठेवण्याचा ठराव व्हावा.

आणि पुस्तक घरीं आलें, कीं दिवाबत्तीनंतर मुलास म्हणा, “बाळा, मोठ्यानें वाच.” आपणांस वाचतां येत नसलें तरी ऐकतां येतें. ज्या घरांत ऐकणारा आहे, त्या घरांतलें मूल वाचतें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रयतेच्या मुलांसाठीं प्राथमिक शिक्षण मागितलें, तेव्हां विद्येवरचें कुलूप जातीचें होतें. आतां राहिलेलें कुलूप लोखंडाचें आहे. त्याची किल्ली मागावयास लाजूं नका.