आमच्या घरी गाय आली
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



गाय कशी निवडावी, यावर मला बोलावयास सांगितले आहे. मी एकदा फसले आणि एकदा फसले नाही, एवढाच माझा अधिकार.

१९७४ सालची गोष्ट. त्या वेळी जरीपटक्यात आमच्या घरामागे मोकळी जागा होती. धाकटी लेक अशक्त, रतिबाचे दूध पातळ. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या व गाय घ्यावयाचे ठरले.

बाजारात मी भुलले ती तट्ट फुगलेल्या कासेला. पहिल्या दिवशी चरवी भरली. दुसऱ्या दिवशी निम्मीसुद्धा नाही. वासरू जवळ गेले की गाय त्याला लाथाडी. मग उलगडा झाला. धार तुंबवून गाय बाजारात उभी केली होती आणि वासरू दुसरीचेच होते! त्या मुक्या जिवाला पाजण्यासाठी आम्हीच दूध विकत आणू लागलो. अखेर तोटा सोसून गाय दिली.

दुसऱ्या वेळी सासूबाई मला कारंजा घाडगेच्या बाजूला, त्यांच्या माहेरगावी घेऊन गेल्या. वर्धा जिल्ह्याचा तो भाग गवळाऊ गाईंचा. या जातीचे बैल चपळ म्हणून नावाजलेले. गाईचे दूध मात्र बेताचे. संध्याकाळी आमच्यादेखत कास पूर्ण रिकामी करविली. ती धार हिशेबात धरली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा मी स्वतः धार काढली. चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या फडक्यावर घेऊन गाठी नाहीत ना, ते पाहिले. दोन वेळचे मिळून चार लिटर भरले. गाय दुसऱ्या वेताची, वासरू तिचेच. ती त्याला चाटीत होती.

आज घेणारीने आणखी एक करावे. क्षय आणि सांसर्गिक गर्भपात यांची तपासणी करून घ्यावी. क्षयाची सुई टोचली की तिसऱ्या दिवशी निकाल कळतो. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, तेव्हा सबब नको. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांकही कागदाशी ताडून पाहावा. आणि दूध उकळूनच प्यावे.

त्या घरी आजारपणाचे कर्ज होते, म्हणून गाय निघाली. सून दाराआड उभी होती. निघताना पुढे येऊन म्हणाली, "बाई, उजवीकून बसजा, डावीकून लाथ मारते. तिले चंद्री म्हनतो आमी." आणि आपले जुने लुगडे माझ्या हाती दिले. "धार काढतानी हे पांघरजा." मला तेव्हा हसू आले, हे कबूल करते.

ट्रकमध्ये तणस अंथरले, वासरू तिला दिसेल असे बांधले. आठ दिवस पुरेल इतके तिथलेच कुटार व ढेप आणली, कारण चारा एकदम बदलला की पोट बिघडते.

घरी आल्यावर चंद्रीने पान्हा चोरला. दोन दिवस जेमतेम पेलाभर दूध. मी रडकुंडीला आले. पुन्हा फसलो की काय! शेजारच्या सिंधी बाई गूळ घेऊन गाय पाहायला आल्या. १९४७ साली त्या आपला भरला गोठा मागे टाकून आल्या होत्या. बराच वेळ चंद्रीच्या मानेखाली खाजवीत राहिल्या. म्हणाल्या, "नवं घर आहे. तिला चार दिवस तरी द्या."

चौथ्या दिवशी पहाटे मी ते लुगडे पांघरून उजवीकडून बसले. चंद्रीने पदर हुंगला, वासराला चाटले आणि चरवीत धार वाजू लागली. लेकीला पेला दिला, एक शेजारी पाठविला, आणि दुपारी त्या सुनेला कार्ड टाकले.