दिव्यातला जिन आणि नवे कथालेखक



स्पर्धेतील बहुतेक कथांत दिवा घासताच जिन हात जोडतो आणि तीन इच्छा पुरवितो. ही तिनाची अट अल्लादीनच्या जुन्या गोष्टीत नाहीच. ती गोष्ट १७०९ साली अलेप्पोच्या हन्ना दियाब यांनी पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ यांना ऐकविली. तिच्यातला जिन मागाल तितके देतो.

मला स्वतःला कोळ्याच्या गोष्टीतला जिन अधिक मोलाचा वाटतो. (कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले या गोष्टींचे मराठी भाषांतर अवश्य वाचा.) सुलेमान पैगंबरांची मोहोर लावलेल्या घड्यात कोंडलेला तो प्रथम म्हणतो, सोडवील त्याला धनवान करीन. शतके लोटतात, कोणी येत नाही. अखेर शपथ घेतो, सोडवील त्यालाच मारीन! हे माणसाचेच मन नव्हे काय?

कुराणशरीफच्या ७२व्या सूरेनुसार जिनांतही नेक आहेत, बद आहेत. म्हणजे त्यांनाही निवड आहे. मग आपल्या कथेतला जिन निव्वळ हुकुमाचा ताबेदार का? शिंगे काढून चष्मा लावल्याने तो नवा होत नाही. त्याला ‘नाही’ म्हणू द्या. मालकाने शेजारच्या विधवेचे शेत मागितले, तर तुमचा जिन काय करील? ती कथा मला पुढच्या वर्षी वाचायची आहे.