एक खिडकी, एक चादर

व्यक्तिचित्रणाचा छंद लागलेला तरुण पहिल्या कमाईचे पैसे घेऊन दुकानांत शिरतो, तेव्हां त्याच्यापुढें दिवे, छत्र्या, स्टँड आणि रंगीत पडदे यांची रास मांडली जाते. हें सर्व घरीं आल्यावांचून चेहरा नीट टिपतां येणारच नाहीं, असा त्याचा समज होतो. मग हप्ते ठरतात. ते फिटेपर्यंत उत्साह टिकला तर नशीब !

वस्तुस्थिति निराळी आहे. तेव्हांच्या फ्रेंच सुदानांत, म्हणजे आजच्या माली देशांत, बामाको शहरीं सेदू केइता या छायाचित्रकारानें १९४८ सालीं आपला स्टुडिओ थाटला. पडदा म्हणून त्यानें लावली ती आपल्या पलंगावरची झालरीची चादर ! ठेवणींतले कपडे घालून आलेलीं माणसें अंगणांतील उजेडांत त्या चादरीपुढें बसत. कांहीं वर्षांनीं तो पडदा बदली. पुढें नक्षीवरूनच कोणतें चित्र कोणत्या काळचें, हें त्याला सांगतां येई. आज तीं चित्रें जगांतील मोठ्या संग्रहालयांत आहेत.

प्रकाशाचा मुख्य नियमही फुकटच मिळतो. उघड्या दिव्यापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई उरतो. तिप्पट केलें कीं नवमांश. हें पाठ करण्यापेक्षां रात्रीं खोलींत करून पाहावें. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि मागची पांढरी चादर दिव्यापासून नऊ फुटांवर असली, तर तीच चादर चित्रांत करडी उतरते. पुढें ओढली कीं उजळते. एका चादरींत असे दोन-तीन पडदे दडलेले असतात. शिवाय दूरच्या चादरीच्या चुण्या अंधुक होतात आणि इस्त्रीचे कष्ट वांचतात.

उघडा बल्ब आकारानें लहान, म्हणून त्याची सावली धारदार; नाकाखालीं कोळशानें रेघ ओढल्यासारखी. खिडकी मोठी, म्हणून तिचा उजेड मऊ. ऊन थेट येत असेल तर जुनें धुवट धोतर तिच्यावर ताणावें. दुसऱ्या गालाच्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरला कीं काळोख हलका होतो. खोलींतले दिवे मात्र त्या वेळीं बंद ठेवावेत; नाहींतर एक गाल पिवळा, दुसरा निळा !

पैसे खर्चायचेच असतील, तर रंग खरे दाखविणारा एक एलईडी दिवा आणि मजबूत स्टँड घ्यावा. स्टँडच्या पायाशीं वाळूची पिशवी ठेवावी. हॅलोजनसारख्या तापणाऱ्या दिव्यावर कापड घालूं नये. तेथें काटकसर घर जाळील.

अनेक घरांत भिंतीवरची वडिलांची तसबीर कुणाच्या तरी लग्नाच्या समूहचित्रांतून कापून काढलेली असते, आणि कडेला परक्याचा खांदा जन्मभर दिसत राहतो. नवशिक्यानें दिव्यांची वाट पाहण्यांत ही वेळ दवडूं नये. पहिल्या रविवारीं सकाळीं घरांतील सर्वांत वडीलधाऱ्या माणसास खिडकीशेजारीं खुर्चीवर बसवावें, दोन गोष्टी बोलूं द्याव्या, मग कॅमेरा उचलावा. चष्म्यांत खिडकी चमकत असेल, तर काड्या कानांवर किंचित उचलाव्या. कांचा खालीं झुकतात आणि डोळे दिसूं लागतात.