पोर हट्टी नव्हती

आमच्या गटातल्या एका ताईंचा नवरा विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेला, पोरीच्या डोळ्यांदेखत. तिसरीतली पोर. महिन्याने शाळेत आली तर पाटीला हात लावेना. पंखा घरघरला की कानांवर हात. गुरुजी म्हणाले, नाटकं करते, आणि तिला उभं केलं. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मीही मान डोलावली. ते अजून टोचतं.

पोर हट्टी नव्हती, भेदरलेली होती. हे ओळखायला शिकावं लागतं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पण मारायचं नाही, तर करायचं काय? सगळ्यांसमोर खोदून विचारायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हे कोण शिकवणार?

म्हणून आम्ही ठराव करून केंद्रप्रमुखांकडे प्रशिक्षण मागितलं. शिक्षकांसोबत आम्ही सदस्यही बसणार, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशीसुद्धा. पोर पहिल्यांदा बोलली ती मावशींपाशीच!

समितीत निम्म्या बायका हव्यात, असं कायदाच सांगतो. तेव्हा पुढच्या सभेत नुसती सही करून उठू नका. विचारा, असं प्रशिक्षण कधी? आणि मुलांच्या मदतीचा 1098 क्रमांक भिंतीवर आहे का? आमच्याकडे तो होता, कपाटाआड.